टायफॉइडचा पेला : एका पेपरचं उलटसुलट वाचन

आमच्या होटगीत ताप तीन दिवसांत उतरला नाही की चौथ्या दिवशी 'विडाल' होते. रिपोर्टवर १:८० किंवा १:१६० असं काहीतरी लिहून येतं आणि संध्याकाळपर्यंत गल्लीला कळतं, अमक्याच्या पोराला टायफॉइड झालाय. आजी त्यालाच मुदतीचा ताप म्हणते. शाळेच्या पुस्तकात विषमज्वर होता. नाव कुठलंही घ्या, पण त्या रिपोर्टवरून तो टायफॉइडच आहे असं ठामपणे सांगता येत नाही. विडाल ही १८९६ सालची चाचणी आहे. ती जंतू शोधत नाही, रक्तातल्या प्रतिपिंडांचं प्रमाण बघते, आणि आपल्याकडे लहानपणापासून असले जंतू पोटात गेलेले असल्यामुळे निरोगी माणसाच्या रक्तातही ती 'वाढलेली' सापडते. खरा पुरावा म्हणजे ब्लड कल्चर. त्याला वेळ लागतो, पैसे लागतात, आणि एवढं करून ते सुमारे निम्म्या रुग्णांत, फार तर साठ टक्क्यांत पॉझिटिव्ह येतं.

हे आधी सांगण्याचं कारण असं की आज ज्या पेपरबद्दल लिहायचंय त्यातल्या लोकांना हा घोळ नव्हता. त्यांना टायफॉइड कधी झाला याची तारीख आणि वेळसुद्धा माहीत होती, कारण तो त्यांना मुद्दाम दिला होता.

पेपर आहे 'लॅन्सेट'मधला, २०१७ चा. पहिलं नाव सेलिना जिन, शेवटचं अँड्र्यू पोलार्ड, काम ऑक्सफर्डचं. पैसे गेट्स फाउंडेशनचे आणि युरोपियन कमिशनचे. लस मात्र आपली : हैदराबादच्या भारत बायोटेकची टायपबार-टीसीव्ही, जिला भारतात २०१३ मध्येच परवाना मिळाला होता. म्हणजे होटगी स्टेशनवरून वाडीमार्गे ज्या हैदराबादला गाड्या जातात तिथे बनलेली लस इंग्लंडमधल्या निरोगी माणसांना टोचली, आणि महिन्याभराने त्यांना टायफॉइडचे जिवंत जंतू पाजले. याला चॅलेंज स्टडी म्हणतात. आयसीएमआरच्या भाषेत नियंत्रित मानवी संसर्ग अभ्यास.

पीएचडीच्या मुलाखतीला 'एखादा पेपर क्रिटिकली सांगा' असा प्रश्न येतोच. बहुतेक जण अशा वेळी सारांश सांगून मोकळे होतात. माझंही पहिल्यांदा तेच झालं होतं. म्हणून हा पेपर निवडला. तो चांगला आहे, आणि चांगल्या पेपरवर टीका करता आली तरच टीका करता येते असं मला वाटतं. वाईट पेपर काय, कुणीही झोडतो.

आधी त्यांनी काय केलं ते. ऑगस्ट २०१५ ते नोव्हेंबर २०१६ या काळात १८ ते ६० वयाचे ११२ जण घेतले. तीन गट. एकाला टीसीव्ही, दुसऱ्याला जुनी व्हीआय पॉलिसॅकराइड लस, तिसऱ्याला, म्हणजे कंट्रोलला, मेनिंजायटिसची लस. महिन्याने प्रत्येकाने आधी सोड्याचं पाणी प्यायचं, म्हणजे पोटातलं आम्ल मरतं, आणि मग जंतूंचा पेला. साधारण दहा हजार जंतू. पुढचे दोन आठवडे रोज तपासणी, रोज रक्त. निदान झालं की लगेच अँटिबायोटिक, आणि झालं नाही तरी चौदाव्या दिवशी अँटिबायोटिक. पित्ताशयाची सोनोग्राफी आधीच केलेली, कारण खडे असले तर हा जंतू तिथे घर करून बसतो आणि माणूस वर्षानुवर्षं वाहक होतो. स्वयंपाकाचं, अन्न हाताळायचं काम करणारे बाद. जे टायफॉइडग्रस्त देशात सहा महिने किंवा जास्त राहिलेत तेही बाद.

म्हणजे मी बाद. तुम्हीही. हा मुद्दा पुढे लागणार आहे, लक्षात ठेवा.

शेवटपर्यंत हिशोबात राहिले १०३ जण. कंट्रोलमधल्या ३१ पैकी २४ आजारी पडले, टीसीव्हीच्या ३७ पैकी १३, जुन्या लशीच्या ३५ पैकी १३. कागद घ्या आणि स्वतः करून बघा. कंट्रोलमध्ये ७७ टक्के, टीसीव्हीमध्ये ३५ टक्के. एक वजा (३५ भागिले ७७), म्हणजे ५४.६ टक्के संरक्षण. लशीच्या बाबतीत 'एफिकसी' हा शब्द ऐकला की लोकांना काहीतरी गूढ वाटतं. एवढंच असतं ते, एक भागाकार आणि एक वजाबाकी.

आता याच्या शेजारी दुसरा पेपर ठेवा. नेपाळमधल्या ललितपूरमध्ये याच लशीची नेहमीसारखी फील्ड ट्रायल झाली, २०१९ च्या डिसेंबरात न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आली. मुलं २०,०१९. निम्म्यांना टीसीव्ही, निम्म्यांना दुसरी लस, आणि मग वाट बघायची. टीसीव्ही गटात ७ टायफॉइड, दुसऱ्यात ३८. संरक्षण ८१.६ टक्के.

माझ्या दृष्टीने या सगळ्या विषयाचा गाभा इथे आहे. ऑक्सफर्डमध्ये १०३ माणसांत ५० केसेस मिळाल्या. नेपाळमध्ये वीस हजार मुलांत ४५. लशीच्या अभ्यासात माहिती केसेसमधून येते, टोचलेल्या माणसांच्या संख्येतून नव्हे. वीस हजार मुलं, शेकडो कर्मचारी, वर्षभराहून जास्त काळ, आणि हातात ४५. शंभर माणसं, दोन आठवडे, आणि हातात ५०. निरोगी माणसाला मुद्दाम आजारी पाडणं एरवी कितीही विचित्र वाटलं तरी संशोधकाला त्याचा मोह का होतो, हे या दोन आकड्यांत दिसतं. आणि हा मोह लबाडीचा नाही. लस वर्षभर आधी आली तर त्या वर्षात मरणारी मुलं वाचतात.

पण मग ५४.६ आणि ८१.६ यांत एवढा फरक का? एकच लस ना?

पहिलं उत्तर पेपरातच आहे. मुख्य एंडपॉइंटमध्ये 'टायफॉइड' म्हणजे १२ तास किंवा जास्त टिकलेला ३८ अंशांचा ताप, किंवा रक्तात जंतू सापडणं. 'किंवा' हा शब्द बघा. रोज रक्त काढलं तर ज्याला ताप आलेला नाही, जो मजेत सिनेमा बघतोय, त्याच्याही रक्तात जंतू सापडतो, आणि तो 'केस' मोजला जातो. होटगीत तो माणूस दवाखान्यात गेलाच नसता. नेपाळमध्येही मोजला गेला नसता, कारण तिथे ताप आलेल्या मुलांचंच रक्त घेतलं. म्हणून लेखकांनी दुसरी, फील्डसारखी व्याख्या लावून बघितली : आधी ताप, मग कल्चर पॉझिटिव्ह. तसं केल्यावर कंट्रोलमध्ये ३१ पैकी १३, टीसीव्हीमध्ये ३७ पैकी फक्त २. संरक्षण ८७.१ टक्के.

इथे थांबा. एकाच अभ्यासातून, एकाच माणसांतून, दोन आकडे निघाले, ५४.६ आणि ८७.१. कुठला खरा? मी एका सेमिनारमध्ये फक्त ८७ ऐकलाय, ५४ चा उल्लेखही नाही. बोलणाऱ्याने खोटं सांगितलं नाही, पण निवडून सांगितलं. नियम साधा आहे : अभ्यास सुरू होण्याआधी जो एंडपॉइंट मुख्य म्हणून ठरवला तोच मुख्य, बाकीचे त्याच्या मागे. लेखकांच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. त्यांचा पेपर नेपाळच्या निकालाच्या दोन वर्षं आधीचा. ८१.६ बघून त्यांनी व्याख्या जुळवून घेतली असा आरोप होऊ शकत नाही. उलट फील्डसारख्या व्याख्येचा आकडा फील्डच्या जवळ गेला, ही मॉडेलच्या बाजूची चांगली साक्ष आहे. फक्त कॉन्फिडन्स इंटरव्हल बघायला विसरू नका. ८७.१ चा पल्ला ४७.२ ते ९६.९ आहे. दोन केसेसच्या जागी चार झाल्या असत्या तर आकडा ७४ वर आला असता. करून बघा.

माझी खरी तक्रार दुसरीकडे आहे. मुख्य व्याख्येने बघितलं तर नव्या लशीच्या ३७ पैकी १३ आणि जुन्या लशीच्या ३५ पैकी १३. म्हणजे दोघी सारख्याच. मग नवी लस कशाला? उत्तर असं की जुनी लस दोन वर्षांखालच्या मुलांत चालत नाही आणि तिचा असर लवकर ओसरतो. टीसीव्हीमध्ये तीच साखर एका प्रथिनाला जोडलेली आहे, त्यामुळे तान्ह्या मुलांचं शरीरही तिला ओळखतं आणि आठवण टिकते. या लशीचा सगळा मुद्दाच नऊ महिन्यांचं मूल हा आहे. आणि चॅलेंज स्टडीत काय होतं? प्रौढ इंग्रज, लशीनंतर एक महिना. ज्या दोन गुणांसाठी ही लस बनवली, लहान वय आणि टिकाऊपणा, ते दोन्ही या अभ्यासाच्या चौकटीत बसूच शकत नाहीत. नऊ महिन्यांच्या मुलाला जंतू पाजणार नाही हे उघड आहे, पाजूही नये. पण मग पेपराच्या शेवटी जो सूर लागतो की ही लस टायफॉइडग्रस्त भागातल्या मुलांसाठी उपयोगी, तो सूर या अभ्यासाच्या आकड्यांतून येत नाही. तो आधीच्या अँटिबॉडीच्या अभ्यासांतून उसना आणलेला आहे. चर्चेच्या भागात लेखक हळूच दुसऱ्या घरचा पुरावा आपल्या घरात आणून ठेवतात, ही सवय तुम्हाला शेकडो पेपरांत दिसेल. मी माझ्याही ड्राफ्टमध्ये करते. गाइड लाल पेनाने खोडतात.

तिसरी गोष्ट जंतूची. वापरला तो क्वेल्स स्ट्रेन. अमेरिकेत मेरीलँडमध्ये एका वाहक व्यक्तीच्या पित्ताशयातून काढलेला, आणि १९६० च्या दशकात मेरीलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी तो तिथल्या तुरुंगातल्या कैद्यांना पाजून बघितलेला. किती जंतूंना किती लोक आजारी पडतात ही माहिती तिथूनच आली. लाखभर जंतू पाजले तर साधारण चौथा हिस्सा लोक आजारी. ऑक्सफर्डने सोड्यामुळे त्याच्या दहाव्या हिश्श्यातच काम भागवलं. ऑक्सफर्डच्या स्वयंसेवकांनी लांबलचक माहितीपत्रक वाचून सही केली, हे खरं. पण पेल्यात जे होतं त्याची वंशावळ तुरुंगातून येते.

क्वेल्सबद्दल तांत्रिक अडचणही आहे. तो जुना आहे, म्हणून साध्या औषधांना बधतो. ऑक्सफर्डमध्ये सिप्रोफ्लॉक्सासिन दिलं की माणूस बरा होत होता. आपल्याकडच्या टायफॉइडला सिप्रो कितपत लागू पडतं हे सोलापुरातल्या कुठल्याही एमडी डॉक्टरला विचारा. अभ्यास सुरक्षित राहिला तो बऱ्याच अंशी जंतू आजचा नसल्यामुळे. आजचा, आपल्याकडचा जंतू घेतला तर निकाल आपल्याला जास्त लागू होईल आणि स्वयंसेवकाचा धोका वाढेल. या दोरीची दोन्ही टोकं एकदम हातात येत नाहीत, आणि या पेपरात त्याबद्दल मला हवं तेवढं लिहिलेलं नाही.

एवढी टीका केली, आता दुसरी बाजू. पेपर ऑनलाइन आला सप्टेंबर २०१७ मध्ये. ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ गटाने टीसीव्हीची शिफारस केली, आणि वर्षअखेर लशीला संघटनेची पूर्वमान्यता मिळाली. नेपाळचा निकाल यायला अजून दोन वर्षं होती. आणि जुलै २०१८ मध्ये नवी मुंबई महापालिकेने ही लस आपल्या आरोग्य केंद्रांतून द्यायला सुरुवात केली, ९ महिने ते १४ वर्षांच्या मुलांना. सरकारी यंत्रणेने टीसीव्ही सरसकट देण्याची जगातली ही पहिली वेळ. २२ नागरी आरोग्य केंद्रांपैकी ११ केंद्रांच्या भागात पहिला टप्पा, साधारण सहा आठवडे, एक लाखाहून जास्त मुलं. उरलेल्या ११ भागांशी तुलना करून नंतर जे विश्लेषण आलं त्यात लस दिलेल्या भागांतल्या मुलांत टायफॉइड निम्म्याहून खाली आलेला दिसतो. घणसोली-तुर्भ्यातल्या ज्या आईला पोराची विडाल करायला लागली नाही तिला क्वेल्स स्ट्रेन माहीत असायचं कारण नाही. पण या साखळीत त्या शंभर इंग्रजांचा वाटा आहे.

आणि इथे एक उलटी गोष्ट घडलेली दिसते. एरवी आपली तक्रार असते की श्रीमंत देशांची औषधं आमच्या गरिबांवर तपासतात. २००९-१० मध्ये खम्मम आणि वडोदऱ्यात एचपीव्ही लशीच्या प्रकल्पात आदिवासी मुलींच्या संमतीपत्रांवर वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्या. संसदीय समितीने २०१३ मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले. इथे मात्र भारतीय कंपनीची लस, भारतीय-नेपाळी मुलांसाठी, आणि आजार अंगावर घेतला ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी आणि नोकरदारांनी. मोबदला घेऊन घेतला, पण घेतला.

मग हे आपल्याकडे का करू नये? आपल्या पोटांत आधीपासून हे जंतू येऊन-जाऊन असतात, आपली आतडी, आपली प्रतिकारशक्ती वेगळी. केनियातल्या किलिफीत स्थानिक प्रौढांना मुद्दाम मलेरिया देऊन बघितला तेव्हा आधी मलेरिया झालेल्यांत संसर्गाचं चित्र फार वेगवेगळं दिसलं. काहींच्या रक्तात तो वाढलाच नाही. इंग्लंडात हे कधीच कळलं नसतं. जो आजार आपला आहे त्याचा अभ्यास आपल्या शरीरावर व्हायला हवा, हा युक्तिवाद मला पटतो. आयसीएमआरच्या बायोएथिक्स युनिटने २०२३ मध्ये याच दिशेने धोरण-निवेदन तयार केलं, लोकांच्या अभिप्रायासाठी मसुदा खुला केला. १८ ते ४५ वयाचे निरोगी लोक, कडक परीक्षण, मोबदला वेळ आणि गैरसोयीपुरता, आमिष नाही. कागद म्हणून तो विचारपूर्वक लिहिलेला आहे.

दिवाळीत घरी हे सगळं मी मामाला सांगत होते. मामा यंत्रमागावर असतो. मागणी नसली की महिन्यातले दहा-दहा दिवस माग बंद. म्हटलं, तिकडे चांगल्या माणसांना मुद्दाम टायफॉइडचे जंतू पाजतेत. मला वाटलं तो म्हणेल, येडे झालेत काय ते. तो म्हणाला, "किती देतेत गं?"

मी रक्कम सांगितली नाही. सांगायला हवी होती का, हे अजून ठरत नाही.

कारण आमिष आणि भरपाई यांतली रेघ आयसीएमआरच्या कागदावर जेवढी सरळ आहे तेवढी यंत्रमागाच्या शेजारी राहत नाही. पंधरा दिवसांच्या मजुरीएवढे पैसे दिले तर ती भरपाईच म्हणायची. पण ज्याला त्या पंधरा दिवसांत मजुरी मिळणारच नव्हती त्याच्यासाठी तेच आमिष. कमी दिले तर शोषण, जास्त दिले तर प्रलोभन. पुस्तकात हा प्रश्न 'अनड्यू इंड्यूसमेंट' नावाच्या एका परिच्छेदात संपतो. गोळ्यांच्या बायोइक्विव्हॅलन्स चाचण्यांत एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात फिरणारे, मधल्या काळाचं बंधन लपवणारे 'धंदेवाईक' स्वयंसेवक आपल्याकडे तयार झालेलेच आहेत. तिथे एक गोळी लपवली जाते, इथे मागचा संसर्ग लपवला जाईल. आणि त्याने एकट्या त्या माणसाचं नुकसान होणार नाही, तुमचा डेटाही सडेल. ३१ माणसांच्या कंट्रोल गटात चार जणांना आधीच कुठेतरी टायफॉइड पाजलेला असेल तर ५४.६ चं काय होईल?

पैशाचा दुसरा हिशोब नुकसानीचा. २०१९ च्या नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचणी नियमांत मृत्यूसाठी सूत्रच आहे : आठ लाख, गुणिले वयाचा गुणांक, गुणिले जोखमीचा गुणांक, भागिले ९९.३७. आधीच मरणपंथाला लागलेल्या रुग्णासाठी जोखमीचा गुणांक ०.५, ठणठणीत स्वयंसेवकासाठी ४. पंचविशीतल्या निरोगी माणसासाठी हा हिशोब सत्तर लाखांच्या आसपास जातो. विचार योग्य आहे, निरोगी माणसाने गमावलं ते जास्त. पण हे नियम लिहिले गेले नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी. चॅलेंज स्टडीचा पहिला टप्पा अनेकदा नुसतं मॉडेल उभं करण्याचा असतो. लस नाही, औषध नाही, फक्त जंतू आणि माणूस. तेव्हा हे सूत्र कुणाच्या हक्काचं आणि पैसे कोण भरणार, हे कायद्यातच लिहिलेलं असायला हवं. धोरण-निवेदन म्हणजे कायदा नव्हे.

आणि सगळ्यात कमी बोललं जाणारा मुद्दा, संडासाचा. हसू नका. टायफॉइडचा जंतू फक्त माणसात राहतो आणि माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतो. ऑक्सफर्डचे स्वयंसेवक घरीच राहत होते. हात धुण्याच्या सूचना, शौचाच्या तपासण्या, जंतू गेल्याची खात्री होईपर्यंत पाठपुरावा, आणि खाली व्यवस्थित बंद मलवाहिनी. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येतं. ते आलं की घरातली प्रत्येक टाकी, बादली, घागर भरून ठेवली जाते आणि त्याच पाण्यात तांब्या बुडवला जातो. अशा घरात स्वयंसेवक परत पाठवला तर प्रयोगात सही न केलेली पाच माणसं सामील होतात. उपाय आहे : पंधरा-वीस दिवस सगळ्यांना एका बंद केंद्रात ठेवायचं, विष्ठा निर्जंतुक करूनच सोडायची. खर्च वाढेल, आणि मोबदलाही, कारण आता वीस दिवस घरापासून दूर. म्हणजे फिरून मामाच्या प्रश्नापाशी.

जाता जाता एक दुरुस्ती, कारण हा विषय निघाला की कुणीतरी हाफकिनचं नाव घेतंच. 'हाफकिनने मुंबईत स्वतःला प्लेग टोचून घेतला' असं मी दोन भाषणांत ऐकलंय. १० जानेवारी १८९७ ला त्यांनी टोचून घेतली ती लस, उष्णतेने मारलेले जंतू. जिवंत प्लेग नव्हे. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा तिथल्या जवळपास निम्म्या कैद्यांना लस दिली, बाकीच्यांना नाही, आणि दोन गटांची तुलना केली. ही चॅलेंज स्टडी नव्हती. आव्हान साथीनेच दिलं होतं. आपल्या भागातलं खऱ्या अर्थाने जवळचं उदाहरण हवं तर रोनाल्ड रॉसचं घ्या. १८९५ मध्ये सिकंदराबादेत त्यांनी, डास मेलेलं पाणी प्यायल्याने मलेरिया होतो का हे बघायला, निरोगी माणसांना ते पाणी पाजलं. एका तरुणाला ताप आला, पण तो मलेरियाचाच हे सिद्ध झालं नाही. कल्पनाच चुकीची होती. हे लक्षात ठेवायला बरं : माणसावर धोका लादणारा प्रयोग चुकीच्या गृहीतकावरही होऊ शकतो, आणि करणारा पुढे नोबेल मिळवणाराही असू शकतो.

मुलांनी मागच्या वेळी विचारलं होतं की क्रिटिक लिहायला सुरुवात कुठून करायची. या पेपराला मी अशी केली : आधी सारांश वाचला नाही. आधी निकालाचं टेबल उघडून अंश आणि छेद वहीत उतरवले, टक्के स्वतः काढले. मग एंडपॉइंटची व्याख्या शोधून त्यातल्या प्रत्येक 'आणि', 'किंवा'खाली रेघ ओढली. मग कुणाला घेतलं नाही ती यादी वाचली. माझ्या तीन तक्रारींपैकी दोन तिथेच सापडल्या. संध्याकाळ गेली एक, आणि शिसपेन्सिल.

मामाला दिवाळीनंतर पुन्हा ताप आला होता. फोनवर म्हटलं विडाल करू नका, कल्चर करा, सोलापुरात होतं. तो म्हणाला, कल्चरला किती घेतेत?